एक्झोऱ्याची पानं पिवळी पडली तेव्हा

शोभेच्या झाडांची नर्सरी टाकून तिसरं वर्ष होतं. होळीच्या सुमारास एक्झोऱ्याच्या, म्हणजे गुच्छांनी फुलणाऱ्या त्या शोभेच्या झुडपाच्या, बाराशे पिशव्या पिवळ्या पडल्या. शेंड्याची कोवळी पानं पिवळी, पण शिरा हिरव्यागार, जाळीसारख्या उठून दिसणाऱ्या. मी वर्धा जिल्ह्यातल्या कपाशीवाल्या घरातला. पीक पिवळं दिसलं की युरिया, हे लहानपणापासून पाहिलेलं. दोनदा युरिया दिला, एकदा दुकानातून आणलेलं टॉनिक फवारलं. झाडं आणखी फिकी झाली.

गावच्या कृषी सहायक ताईंना दाखवलं. त्या सरळ म्हणाल्या, "भाऊ, कपाशीचं विचारा, तुरीचं विचारा. हे झाड घेऊन तुम्ही सेलसुऱ्याला जा." नवीन लोकांना मी हेच आधी सांगतो. विदर्भातली विस्तार यंत्रणा, म्हणजे शेतकऱ्याला सल्ला देणारी सरकारी माणसं, कापूस, सोयाबीन आणि संत्र्याभोवती उभी आहे. क्रोटन-अरेकासारख्या शोभेच्या झाडांचा सल्ला घरी चालत येत नाही, आपला प्रश्न आपणच उचलून न्यावा लागतो.

सेलसुऱ्याच्या कृषी विज्ञान केंद्रात सरांनी पानाकडे एकदा पाहिलं आणि विचारलं, "पाणी कोणतं देता? पिशवीत माती कुठली?" पाणी बोअरचं, माती वावरातली काळी. त्यांनी पिशवीतलं ढेकूळ काढून त्यावर ड्रॉपरनं सौम्य आम्लाचे दोन थेंब टाकले. माती फसफसली. आमच्या मातीत चुनखडी, पाण्यात बायकार्बोनेट नावाचा क्षार. त्यामुळे सामू (पीएच) चढलेला. जमिनीत लोह असतं, पण एवढ्या सामूला एक्झोऱ्याच्या मुळांना ते घेता येत नाही. युरियानं त्यात काय फरक पडणार होता? लोह कमी पडलं की कोवळी पानं आधी पिवळी होतात, नत्र कमी पडलं की खालची जुनी. एवढी एक ओळख असती तरी माझे दोन महिने वाचले असते.

उपायही तिथेच कळला. तातडीनं सावरायला लिटरला ५ ग्रॅम फेरस सल्फेट, थोडं सायट्रिक ॲसिड घालून, ऊन उतरल्यावर फवारायचं. मुळांतून द्यायचं तर ईडीडीएचए चिलेटचं लोह घ्यायचं. चिलेट म्हणजे लोहाला धरून ठेवणारं, मुळांना घेता येईल असं ठेवणारं रसायन. दुकानात स्वस्त मिळणारं ईडीटीए चिलेटचं लोह चुनखडीच्या मातीत टिकत नाही. आणि खरा इलाज म्हणजे पिशवीतलं मिश्रणच बदलणं. आता मी काळी माती घालतच नाही. लाल माती, कोकोपीट आणि चांगलं कुजलेलं शेणखत वापरतो. त्या बाराशेपैकी सातशेच्या वर झाडं वाचली.

नमुना नेण्याची पद्धत नीट पाळा, सल्ला त्यावरच उभा असतो. झाड मुळासकट न्या, सोबत त्याच जातीचं एक निरोगी झाड घ्या. ओल्या पन्नीत गुंडाळलं तर पानं वाटेतच कुजतात, वर्तमानपत्रात गुंडाळा. औषध मारायच्या आधी न्या. पाण्यासाठी मोटर पंधरा-वीस मिनिटं चालू द्या, बाटली त्याच पाण्यानं तीनदा विसळा, तोंडापर्यंत भरा आणि त्याच दिवशी पोचवा. कधी कोणतं खत, कोणती फवारणी दिली, ते वहीत लिहून न्या. वही घेऊन गेलेल्या माणसाशी सर अर्धा तास बोलतात, हे मी पाहिलंय.

जास्त खोलात जायचं असेल तर अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात पुष्पशास्त्र आणि प्रांगणविद्येचा, म्हणजे फुलझाडं आणि बाग-आखणीचा, स्वतंत्र विभाग आहे. विद्यापीठाची शिवारफेरी असते, म्हणजे शेतकऱ्यांना तिथली शेतं फिरून दाखवतात, तेव्हा मोकळेपणानं प्रश्न विचारता येतात. विक्रीचं मात्र जुन्या नर्सरीवाल्यांनाच विचारा. प्लॉट पाडून विकणाऱ्या ले-आऊटवाल्याला एका उंचीची शंभर झाडं लागतात, शाळेला स्वस्त आणि काटक. हे कळायला मला त्यांच्याच ओट्यावर बसावं लागलं.

अनुदानाबद्दल एक गोष्ट मनाला लागलेली आहे. शेडनेटसाठी महाडीबीटी या सरकारी योजनांच्या पोर्टलवर अर्ज केला. मे महिना डोक्यावर, पारा पंचेचाळीसकडे चाललेला, म्हणून पूर्वसंमतीची वाट न पाहता सांगाडा उभा केला आणि जाळी ताणली. अनुदान गेलं. पूर्वसंमतीआधी घेतलेलं बिल चालत नाही, हे मला कार्यालयात कुणी सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही. उन्हाळ्यात सावली हवी असेल तर अर्ज पावसाळ्यातच टाका, आणि संमतीचं पत्र हातात पडेपर्यंत एक पाईपही विकत घेऊ नका.

आता तालुक्यातल्या आम्ही पाच नर्सरीवाल्यांनी 'आत्मा'कडे, म्हणजे जिल्ह्याच्या कृषी तंत्रज्ञान व्यवस्थापन यंत्रणेकडे, गट नोंदवायचं ठरवलंय. एकट्या माणसासाठी प्रशिक्षण ठेवत नाहीत, गटासाठी ठेवतात. पिशवीचं मिश्रण आणि पाणी या विषयावर दिवाळीनंतर एक दिवस द्या, अशी विनंती केंद्राला करणार आहोत. जवळपासचे कुणी असाल तर सामील व्हा, आणि पहिल्या बैठकीला येताना आपल्या बोअरचं पाणी बाटलीत भरून आणा.