स्वयंपाकघराचा प्रकार ठरवण्याआधी दारे उघडून मोजा

ओटा सरळ घ्यावा, एल आकाराचा, समांतर की यू आकाराचा, हा निर्णय कारागिराने दाखवलेल्या रंगीत चित्रांवरून घेऊ नये. आधी टेप घेऊन खोली स्वतः मोजावी, तीही जमिनीची टाइल बसल्यानंतर, कारण नकाशातले माप आणि प्रत्यक्ष माप यांत इंच-दोन इंचांचा फरक पडतो आणि स्वयंपाकघरात तेवढ्यानेही अडते. खिडकी, नळ, सांडपाण्याची जागा, ड्राय बाल्कनीचे दार : हे तर सगळेच जण लिहून ठेवतात.

राहून जाते ते उघडलेल्या दारांचे माप. आमच्या आधीच्या घरात तेच राहिले होते. नकाशात फ्रिज बंद असतो, ट्रॉल्या आत ढकललेल्या असतात आणि ओट्यापाशी कोणीही उभे नसते. सात फूट रुंद खोलीत दोन-दोन फुटांचे समोरासमोर दोन ओटे घेतले, की मध्ये 36 इंच उरतात आणि चालायला ते पुरेसे वाटतात. आता भांड्यांची ट्रॉली पूर्ण बाहेर ओढा. सुमारे 20 इंच गेले, 16 उरले, आणि तेवढ्यात वाकून तळातला कुकर काढायचा आहे. फ्रिज ओट्याच्या कडेपेक्षा चार इंच तरी पुढे येतो आणि त्याचे दार आणखी दोन फूट खाते, म्हणजे कोणी दुधाचे पातेले घ्यायला आले, की पोळ्या करणाऱ्याने तव्यावरची पोळी तशीच सोडून बाजूला व्हायचे. म्हणून जमिनीवर खडूने ओटे आखावेत, प्रत्येक दार आणि ट्रॉली उघडलेल्या स्थितीत आखावी, एकाने ओट्यापाशी वाकावे आणि दुसऱ्याने त्याच्या मागून भरलेले पातेले नेऊन पाहावे. कारागीर घाई करील, करू द्यावी.

खडूच्या रेघाच मग बरेचसे सांगतात. मध्ये चार फूट मोकळे राहत असतील तरच समांतर ओटे घ्यावेत, नाहीतर एल आकार बरा. त्याच्या कोपऱ्यातले कपाट खोल आणि अंधारे असते, तिथे पुरणयंत्रासारख्या क्वचित लागणाऱ्या वस्तू ठेवाव्यात. मात्र कोपऱ्यालगतच्या दोन ट्रॉल्या उघडताना एकमेकींच्या मुठींवर आपटत नाहीत ना, हे इथेही उघडूनच मोजावे. यू आकारात असे दोन कोपरे येतात. शिवाय चकल्या आणि मोदक खाली बसून करण्याची पद्धत असलेल्या घरांनी मधल्या जागेत पाट मांडून, चार माणसे बसवून खात्री करून घ्यावी. सरळ ओट्यावर शेगडी आणि सिंक यांमध्ये परात आणि पोळपाट शेजारी शेजारी मावतील एवढी जागा हवी. खुले स्वयंपाकघर दिसते सुंदर, पण मिरचीच्या फोडणीचा ठसका थेट दिवाणखान्यात जातो, तेव्हा रोजच्या जेवणाचा विचार करूनच भिंत पाडावी. आयलंडचा, म्हणजे खोलीच्या मधोमध सुट्या ओट्याचा, विचार खोली खरोखर मोठी असेल तरच करावा.

ओट्याची उंची घरात जास्त वेळा पोळ्या लाटणाऱ्या व्यक्तीच्या कोपरापेक्षा चार-पाच इंच खाली ठेवावी. सिलिंडर उभाच ठेवावा, त्याच्या कपाटाच्या दाराला तळाशी जाळी हवीच, कारण हा वायू हवेपेक्षा जड असल्याने गळती झाल्यास खाली साचतो. पाइपचा नैसर्गिक वायू हलका असतो, तिथे वरच्या बाजूला झरोका लागतो. घरघंटी आणि ओव्हनसाठी 16 अँपिअरचे सॉकेट ओट्यामागच्या भिंतीला टाइल लावण्याआधी. सिंकखालच्या कपाटाला आयएस 710 चे, म्हणजे पाण्याला टिकणारे, प्लायवूड. अंतिम नकाशावर सगळी दारे उघडलेली काढून मागावीत आणि तसा नकाशा हातात आल्याशिवाय आगाऊ रक्कम देऊ नये. चिमणीच्या पाइपसाठी बाहेरच्या भिंतीला भोक पाडायचे असल्यास सोसायटीला आधी विचारावे.