ओर्झो करावा गव्हल्यांसारखा: पालक, शेपू आणि चीज घालून

पहिल्यांदा ओर्झो, म्हणजे तांदळाच्या आकाराचा पास्ता, घरी आणला तेव्हा मी तो कुकरला लावला. तांदळासारखा दिसतो म्हणजे तांदळासारखाच शिजत असणार, असा सरळ हिशेब. एक वाटी ओर्झो, दोन वाट्या पाणी, दोन शिट्ट्या. झाकण उघडलं तर आत खळ. सासूबाई डोकावून म्हणाल्या, "काय करून राहिलीस गं? पतंग चिकटवायचेत का?" मग त्यांनी पाकिटातले चार कोरडे दाणे तळहातावर घेतले, खिडकीपाशी नेऊन पाहिले आणि म्हणाल्या, "अगं, हे तर गव्हले!"

झालं, तेव्हापासून आमच्या इंदूरच्या घरात ओर्झो कधी बिघडला नाही.

ज्यांनी गव्हले पाहिले नसतील त्यांच्यासाठी सांगते. बारीक रवा दुधात किंवा पाण्यात घट्ट भिजवायचा, मळून मऊ करायचा आणि अंगठा नि तर्जनीच्या चिमटीत वळत तांदळाएवढे दाणे पाडायचे. परातीत पसरून वाळवायचे. लग्नाच्या रुखवतात गव्हले, नखुले, बोटवे, मालत्या असे डबे मांडलेले असायचे, आणि त्यांची खीर व्हायची. त्या खिरीची पहिली पायरी काय? गव्हले तुपावर परतणे. कोणी ते नुसते उकळत्या पाण्यात टाकत नाही. ओर्झोचं सगळं मर्म याच एका पायरीत आहे.

ओर्झो हा इटालियन शब्द, त्याचा अर्थ जव. म्हणजे दिसतो तांदळासारखा, नाव जवाचं आणि असतो गव्हाचा. ग्रीसमध्ये त्याला क्रिथाराकी म्हणतात, त्या नावातही जवच आहे. गहू मात्र साधा नव्हे, ड्युरम. आपण माळव्यातली माणसं ज्याला कठिया म्हणतो तो. हा दाणा कडक असतो, दळला की पिठाऐवजी पिवळसर रवा निघतो, आणि प्रथिनं भरपूर असल्यामुळे त्याचा पास्ता शिजूनही आकार धरून राहतो. बाफले, म्हणजे आमच्याकडचे कणकेचे गोळे, आधी पाण्यात उकळून मग भाजले तरी फुटत नाहीत, तेही याच गव्हाच्या जाडसर पिठाच्या जिवावर. इंदूरला गहू संशोधनाचं मोठं केंद्र आहे, ‘पूसा तेजस’ ही ड्युरमची जात तिथलीच. तेव्हा ओर्झो परदेशी असला तरी त्याचा गहू आपल्या ओळखीचा आहे.

पाकीट घेताना म्हणूनच मागची बाजू वाचा. ‘ड्युरम व्हीट सेमोलिना’ लिहिलेलं हवं. नुसत्या मैद्याचा पास्ता स्वस्त पडतो, पण तो पांढरट असतो आणि परतला तरी शेवटी गिच्च होतो. पावसाळ्यात उघडलेलं पाकीट घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ठेवा, नाहीतर रव्यात पडतात तशाच अळ्या त्यातही पडतात.

आता साहित्य. चौघांच्या रात्रीच्या जेवणाला 250 ग्रॅम ओर्झो पुरतो. पालकाची एक भरगच्च जुडी, निवडून साधारण 250 ग्रॅम पानं राहतील एवढी. शेपू बारीक चिरून अर्धी वाटी. एक मध्यम कांदा, सहा लसूण पाकळ्या, दीड चमचा तूप किंवा लोणी, 100 मिलिलिटर दूध, प्रोसेस्ड चीजचे 25 ग्रॅमचे चार क्यूब. मिरपूड, किसलेलं जायफळ चिमूटभर, अर्धं लिंबू. मीठ पाऊण चमचाच घ्या, चीजमध्ये ते मुबलक असतं. पाणी 700 मिलिलिटर, आणि शेजारच्या शेगडीवर आणखी पेलाभर गरम पाणी तयार ठेवा. चातुर्मासात कांदा-लसूण नको असेल तर तुपात हिंग घाला. भुट्ट्याच्या किसात, म्हणजे किसलेल्या मक्याच्या आमच्या पदार्थात, दूध आणि हिंग गुण्यागोविंदाने नांदतात, इथेही नांदतात.

शेपूचं नाव वाचून काहींनी नाक मुरडलं असेल. आमच्याकडेही मुरडतात. इथे ठेल्यावर ‘सुआ’ म्हणून मिळणारी ही भाजी मुगाच्या डाळीबरोबर मुलांसमोर ठेवली की ताट सरकतं. पण ग्रीक लोक पालक, चीज आणि शेपू हे त्रिकूट पिढ्यान् पिढ्या खात आलेत, आणि एकदा चाखलं की का ते कळतं. चीजच्या स्निग्धपणाला शेपूचा उग्र वास छेद देतो. प्रमाण मात्र कमीच ठेवा. शेपू पाहुणा, घरधनी पालकच.

पालक तीन पाण्यांतून काढा. पहिल्या पाण्यात पानं बुडवून हलवा आणि वर उचलून घ्या; पातेलं उपडं करून चाळणीत ओतलंत तर खाली बसलेली माती पुन्हा पानांवरच येते. मग निथळत ठेवा, आणि खरंच निथळू द्या. ओला पालक कढईत गेला की पाण्याचा अंदाज चुकतो. देठ फेकू नका, कांद्याएवढे बारीक चिरा. पानं मात्र जाडसरच चिरायची. पालकाची पेस्ट करून घालण्याचा मोह होईल, पण ओर्झोत तिचा शेवाळी चिखल होतो. पालक पनीर वेगळं आणि हे वेगळं.

आता कढई. जाड बुडाची, पसरट घ्या. निम्मं तूप गरम करून त्यात कोरडा ओर्झो घाला. धुवायचा नाही! आच मध्यम. उलथनं सतत फिरतं ठेवा, कारण हे दाणे रव्यापेक्षा उशिरा रंग धरतात आणि एकदा धरला की भराभर पुढे जातात. तीन-चार मिनिटांनी काही दाणे बदामी, काही अजून फिके, असं मिश्र दिसायला लागेल. शेवया भाजतानाचा खमंग वास येईल. एकसारखा तांबूस रंग येण्याची वाट पाहू नका, तोवर अर्धे जळतात. मिश्र रंगावरच ताटलीत काढा. भाजल्यामुळे दाण्याच्या अंगावरचा स्टार्च पाण्यात कमी सुटतो, म्हणून दाणे एकमेकांना चिकटत नाहीत. माझ्या कुकरात नेमकं याच्या उलट झालं होतं: न भाजलेला दाणा, वर वाफेचा दाब, आणि हलवायची सोय नाही.

त्याच कढईत उरलेलं तूप घालून कांदा, लसूण आणि पालकाचे देठ परता. कांदा पारदर्शक झाला की पुरे, लाल करायचा नाही. ओर्झो परत घाला, मीठ घाला, 700 मिलिलिटर पाणी उकळतं करून ओता. चुर्र आवाज होईल, जरा लांबून ओता. आता आच मंदापेक्षा थोडी वर, झाकण नाही, आणि दर मिनिटाला तळ खरवडून एकदा ढवळायचं. भातासारखं झाकून विसरण्याचा हा पदार्थ नव्हे. तळाला बसतो आणि वर कच्चा राहतो.

पाकिटावर 8 किंवा 9 मिनिटं लिहिलेलं असतं. आमच्याकडे 10 ते 11 लागतात. इंदूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटर उंचीवर, त्यामुळे इथे पाणी 98 अंशांच्या आसपासच उकळतं. फरक थोडा, पण असतो. घड्याळापेक्षा दाताचं ऐका. आठव्या मिनिटाला एक दाणा काढून मधोमध चावून पाहा. आत खडूसारखा पांढरा ठिपका दिसला तर अजून वेळ आहे. ठिपका जेमतेम उरला असेल तेव्हा पालक घालायची वेळ झाली.

पालक मूठमूठ करून घाला. पहिली मूठ बसली की दुसरी. ढिगारा पाहून घाबरू नका, दोन मिनिटांत त्याची मूठभर भाजी होते. झाकण तरीही ठेवायचं नाही: पालेभाजीतून निघणारी आम्लं वाफेबरोबर उडून जायला हवीत. ती आत कोंडली की हिरवा रंग मळकट होतो. लिंबू आत्ताच पिळलं तरी तेच होईल. शेपू आणि दूध घाला, एकदा ढवळा, आणि आता उलथन्याने कढईच्या तळाशी एक रेघ ओढा. रेघ क्षणभर उघडी राहून हळूच भरून आली तर बरोबर. लगेच भरली तर मिनिटभर आटवा. उघडीच राहिली तर शेजारच्या गरम पाण्यातलं पळीभर घाला. ताटात येईपर्यंत ओर्झो आणखी पाणी पितो, म्हणून कढईत तो थोडा सैलच वाटला पाहिजे.

गॅस बंद. हो, चीज घालायच्या आधी बंद, आणि वर मिनिटभर थांबायचं. चीज वितळायला उकळी लागत नाही. उकळत्यात पडलं की त्यातली प्रथिनं आकसतात, तूप वेगळं सुटतं आणि रबरासारख्या गाठी उरतात. किसलेलं चीज तीन वेळा वाटून घाला आणि प्रत्येक वेळी गोल ढवळा. प्रोसेस्ड चीजमध्ये स्निग्धांश आणि पाणी धरून ठेवणारे क्षार असतात, त्यामुळे ते सहसा दगा देत नाही. पार्मेझानसारखं मुरलेलं चीज चवीला कितीतरी वरचढ, पण गाठी धरण्यात पटाईत. ते आणखी निवल्यावर, अगदी बारीक किसून घालावं. शाकाहारी घरांनी एक पाहावं: अस्सल इटालियन पार्मेझानमध्ये वासराच्या पोटातलं रेनेट, म्हणजे दूध घट्ट करणारं विरजण, असतं. हिरवा ठिपका असलेलं चीज घेतलं की प्रश्नच नाही.

पनीर घालून चालेल का, असं हमखास विचारलं जातं. चालेल, पण ते वितळणार नाही. पनीर आम्लाने फाडलेल्या दुधाचं, कितीही तापवा, तुकडा तुकडाच राहणार. म्हणून त्याला फेटा चीजचं काम द्या. ग्रीक फेटा मुख्यतः मेंढीच्या दुधाचा आणि मिठाच्या पाण्यात मुरवलेला असतो. त्याच्या जवळपास जायचं तर 100 ग्रॅम पनीर हाताने कुस्करून त्यावर मीठ, अर्ध्या लिंबाचा रस आणि मिरपूड घाला, अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा, मग वाढताना ओर्झोवर पसरा. मला स्वतःला वितळलेलं चीज आत आणि खारट पनीर वर, असं दोन्ही आवडतं. सासूबाईंना हा उधळेपणा वाटतो.

मिरपूड, जायफळ घाला, लिंबू ताटात पिळा. पावाचा भाजलेला चुरा घालतात तिथे आम्ही जाड सेव चुरडून टाकतो. इंदुरात सेवेशिवाय ताट पुरं होत नाही, त्याला इलाज नाही. पोह्यांवरचा जीरावन मसाला भुरभुरला तरी छान लागतं, फक्त त्यात आमचूर असतो, म्हणून लिंबू कमी करा.

भाज्या बदलायच्या तर थंडीचे दिवस उत्तम. मेथी घ्यायची असेल तर ती कांद्याबरोबर आधीच परता, शेवटी घातलेली मेथी कच्ची कडू लागते. चीजमुळे उरलेला कडूपणा उलट चवदार वाटतो. बथुआ, म्हणजे चाकवत, आधी दोन मिनिटं उकळून पिळून घ्या. पातीचा कांदा कशाबरोबरही चालतो. चुका आणि अंबाडी मात्र या कढईपासून लांब ठेवा. दूध फाटेल.

डब्यासाठी हाच ओर्झो थंड करायचा असेल तर रीत बदलते. तिथे भाजायचं नाही: भरपूर खारट पाण्यात उकळा, चाळणीत ओता, गार पाण्याखाली धरा, चमचाभर तेल लावा. मग बारीक कापलेला कोवळा पालक कच्चाच, काकडी, ते लिंबू-मिठातलं पनीर, भाजलेले शेंगदाणे. शाळेतून डबा रिकामा येतो.

घरात गव्हले पडून असतील तर तेही या कृतीत बसतात. फक्त ते हाताने वळलेले, मऊ रव्याचे, त्यामुळे लवकर शिजतात. पाणी 100 मिलिलिटर कमी घ्या आणि चौथ्या मिनिटापासून दाणा चाखायला लागा.

उरलेलं दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये गेलं पाहिजे. सकाळी त्याचा घट्ट गोळा झालेला असतो. पाव वाटी दूध घालून मंद आचेवर सैल करा. किंवा गोळा तसाच राहू द्या, त्यात हिरवी मिरची आणि चमचाभर बेसन घाला, हातावर थापून तव्यावर दोन्ही बाजूंनी खरपूस करा. आमच्याकडे त्यासाठी सासूबाई रात्रीच एक वाटी बाजूला काढून, वर ताटली झाकून ठेवतात, आणि ती वाटी कुणाची हे कुणालाही विचारावं लागत नाही.