कार्बन नायट्राइडवर प्लॅटिनम चढवताना

प्लॅटिनम चढवलेले कार्बन नायट्राइड प्रकाशात पाण्यातून हायड्रोजन काढायला वापरतात; ते युरियापासून करता येते. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या प्रयोगशाळेत पावसाळ्यात युरियाचे गोळे होतात, म्हणून तो आदल्या रात्री ८० अंशांवर सुकवा. १० ग्रॅम युरिया झाकणाच्या मुशीत घेऊन मिनिटाला ५ अंश वाढवत ५५० अंशांवर २ तास भाजा. अमोनिया सुटतो, भट्टीच्या वायूला बाहेर वाट हवीच. हाती येते जेमतेम अर्धा ग्रॅम फिकट पिवळी, भुसभुशीत पूड, म्हणजेच कार्बन नायट्राइड. झाकण सैल राहिले तर तेवढीही उरत नाही.

१०० मिलिग्रॅम पूड, ९० मिली पाणी, १० मिली ट्रायइथेनॉलअमाइन (प्रकाशात इलेक्ट्रॉन पुरवून स्वतः खर्च होणारे द्रव्य) एकत्र करा. १ टक्का प्लॅटिनमसाठी क्लोरोप्लॅटिनिक आम्लाचे हेक्झाहायड्रेट सुमारे २.७ मिलिग्रॅम लागते. इतके थेट तोलू नका, आधी द्रावण करून पिपेटने मिश्रणात घाला. हवा घालवायला अर्धा तास नायट्रोजन सोडा, मग झेनॉन दिवा लावा. पिवळा रंग राखाडीकडे झुकला की प्लॅटिनम बसले.

जास्त प्लॅटिनम म्हणजे जास्त हायड्रोजन, हा समज सोडा. जादा कण प्रकाश अडवतात, एकमेकांना चिकटतात. ०.५, १ आणि ३ टक्के करून पाहा. हायड्रोजनचा आकडा अचानक घसरला तर आधी रबरी सेप्टम (भांड्याचे तोंड बंद करणारे बूच) बदला. बहुतेकदा गळती तिथेच असते.