पुराच्या पाण्याला जंबो बॅगांचा बांध: कुठे घालावा, कसा घालावा, कुठे थांबावे

सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट मानली जाते. ऑगस्ट २०१९ मध्ये तिथे पाणी ५७ फुटांच्या पुढे गेले आणि नदीकाठच्या भागांतील तळमजले बुडाले. एवढ्या पाण्यापुढे वाळूच्या पोत्यांचा कोणताही बांध टिकत नाही, आणि तो घालत बसणे म्हणजे माणसे, जनावरे व सामान हलवण्याचा मोलाचा वेळ वाया घालवणे होय. पूरपट्ट्याच्या कडेला मात्र स्थिती वेगळी असते. जिथे मागच्या महापुरात उंबऱ्यावर फूट-दीड फूट पाणी आले होते, अशी दुकाने, दवाखाने, गोदामे, पाणीपुरवठ्याची पंपघरे आणि सोसायट्यांची तळघरे वाचवण्यासाठी एक टन वाळू मावणाऱ्या जंबो बॅगांचा बांध खरोखर उपयोगी पडतो. या लेखातील सूचना अशाच जागांसाठी आहेत.

पहिले काम मोजमापाचे आहे. मागच्या पुराची खूण भिंतीवर, विजेच्या खांबावर किंवा फाटकावर कुठे ना कुठे राहिलेली असते. गवंड्याकडील पाण्याने भरलेल्या लेव्हल ट्यूबने ती खूण आपल्या अंगणात चार-पाच ठिकाणी उतरवून घ्यावी आणि प्रत्येक ठिकाणी जमिनीपासूनची उंची मोजावी. डोळ्यांना सपाट दिसणारी जागासुद्धा वीस मीटरांत सहज वीतभर उतरलेली असते, आणि पाणी नेमके त्याच टोकाने आत येते. ही मोजणी उन्हाळ्यात करून ठेवावी. कोयनेतून सोडलेले पाणी सांगलीला पोहोचेपर्यंत तयारीला थोडी सवड मिळते, परंतु चिपळूणला २०२१ च्या जुलैमध्ये वाशिष्ठी काही तासांतच शहरात शिरली होती, आणि अशा नदीकाठी पाऊस सुरू झाल्यावर बॅगा शोधणाऱ्याच्या हाती काही लागत नाही.

जंबो बॅग म्हणजे साधारण ९० सेंटिमीटर लांब, तितकीच रुंद आणि उंच, चार कोपऱ्यांना उचलण्याचे पट्टे असलेली विणीव प्लॅस्टिकची पिशवी. तिच्यावर सुरक्षित भारक्षमता छापलेली असते व ती बहुधा १००० किलो असते. ओली वाळू घनमीटरला सुमारे १.७ टन भरते. त्यामुळे ही बॅग काठोकाठ भरल्यास तिचे वजन सव्वा टनाच्या आसपास जाते आणि पट्टे तुटण्याचा धोका निर्माण होतो. म्हणून बॅगेत सुमारे ०.६ घनमीटर वाळू, म्हणजे साधारण ७५ सेंटिमीटर उंचीपर्यंतच भरावी. आपल्याकडे वाळूचा व्यवहार ब्रासमध्ये होतो आणि एक ब्रास म्हणजे २.८३ घनमीटर, तेव्हा एका ब्रासमध्ये जेमतेम पावणेपाच बॅगा होतात. वीस मीटर लांबीच्या एका ओळीला २२-२३ बॅगा आणि पाच ब्रास माल असा हिशोब धरावा. तुलनेसाठी सांगायचे तर, हाताने रचायच्या लहान पोत्यांनी तितक्याच लांबीचा दोन फुटी बांध घालायला तेराशेच्या आसपास पोती लागतात.

नदीची वाळू हल्ली सहज मिळत नाही आणि तिची गरजही नाही. क्रश सँड, म्हणजे दगड भरडून केलेली वाळू, चांगली चालते, बारीक मुरूमही चालतो. काळी माती टाळावी, कारण ती भिजली की फुगते आणि निसरडी होते. खडी तर मुळीच भरू नये. तिच्यातून पाणी सरळ आरपार जाते.

आता मुख्य प्रश्न, म्हणजे हा बांध किती उंच पाणी अडवू शकतो. बॅग ७५ सेंटिमीटर उंच आहे म्हणून ती ७५ सेंटिमीटर पाणी अडवेल, हा समज चुकीचा आहे. पाण्याचा आडवा जोर उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो: ५० सेंटिमीटर पाण्याचा जोर बांधाच्या दर मीटर लांबीवर १२५ किलो असतो, तर ७५ सेंटिमीटर पाण्याचा तोच जोर २८० किलोंच्या वर जातो. शिवाय बुडाखाली झिरपलेले पाणी बॅगेला खालून उचलू पाहते व तिचे जमिनीवरील वजन कमी करते. भिजलेल्या जमिनीवर प्लॅस्टिकची पकडही बेताचीच असते. या सर्वांचा विचार करता एका ओळीच्या बांधापुढे ५० सेंटिमीटरपेक्षा जास्त पाणी येऊ देऊ नये आणि वरची वीतभर उंची लाटांसाठी व अंदाज चुकण्यासाठी राखून ठेवावी. याहून अधिक उंचीसाठी खाली दोन ओळी व त्यांच्या सांध्यावर वरची ओळ अशी रचना करतात, परंतु ती जमिनीची ताकद पाहून अभियंत्याच्या देखरेखीखालीच करावी. एकावर एक सरळ बॅग ठेवून भिंत उभारण्याचा मोह तर अजिबात धरू नये.

बांधाची रेषा घराच्या भिंतीपासून शक्यतो अडीच मीटर दूर आखावी. भिंतीला टेकवलेल्या बॅगा पाण्याचा दाब भिंतीवरच टाकतात आणि आत झिरपलेले पाणी उपसायलाही जागा उरत नाही. काँक्रीट किंवा डांबरी पृष्ठभाग सर्वांत चांगला. मातीची जमीन असल्यास गवत, पालापाचोळा व वरचा चिखल खरवडून घट्ट थर लागेपर्यंत उथळ चर काढावा आणि त्यात बॅगा बसवाव्यात, म्हणजे बुडाखालून होणारी गळती व घसरण दोन्ही कमी होतात.

जेसीबीचा हात बांधाच्या रेषेपर्यंत पोहोचत असेल, तर बॅगा जागेवरच भराव्यात, म्हणजे उचलण्याचा प्रश्नच उरत नाही. रिकामी बॅग लोखंडी चौकटीला किंवा चार बांबूंना पट्ट्यांनी अडकवून उघडी धरावी आणि पहिली चार-सहा घमेली हाताने चारही कोपऱ्यांत टाकावीत. कोपरे असे बसले की बूड चौकोनी राहते. एकदम मधोमध माल ओतला तर बॅग गोल होते, आणि दोन गोल बॅगांमध्ये उभी फट राहते. या फटी हाच या बांधाचा सर्वांत मोठा दोष आहे. शेजारची बॅग आधीच्या बॅगेला घट्ट भिडवूनच भरावी आणि तरीही उरलेल्या त्रिकोणी जागेत अर्धवट भरलेली लहान पोती पाण्याच्या बाजूने ठोकून बसवावीत. लहान पोते गच्च भरले की दगडासारखे राहते व फटीचा आकार घेत नाही.

दुसरीकडे भरून आणायच्या असतील, तर हायड्राची, म्हणजे चाकांवरच्या फिरत्या क्रेनची, मदत लागते. चारही पट्टे हुकात नीट अडकलेले पाहिल्याखेरीज बॅग उचलू नये, लटकत्या बॅगेखाली कोणीही जाऊ नये आणि तिला दिशा देण्यासाठी हात न लावता दोरी वापरावी. वरच्या विजेच्या तारांकडे सर्वांचे लक्ष असते, पण गटारीवरील फरशीकडे नसते. हायड्राचे चाक तिच्यावर गेले की फरशी मोडते आणि गाडी भारासकट कलंडू शकते.

बॅगा बसल्यावर पाण्याच्या बाजूने जाड प्लॅस्टिक किंवा ताडपत्री माथ्यापासून खाली सोडावी, जमिनीवर पुढे मीटरभर पसरावी आणि तिच्या कडेवर लहान पोत्यांची सलग ओळ ठेवावी. ताडपत्री सैल असावी, कारण ताणलेली ताडपत्री पाण्याच्या दाबाने फटीपाशी फाटते. दोन तुकडे जोडताना निदान दोन फूट एकमेकांवर घ्यावेत आणि प्रवाह ज्या बाजूने येतो त्या बाजूचा तुकडा वर ठेवावा.

एवढे करूनही पाणी आत येते, ते बहुधा बांधावरून येत नाही. नदी चढली की नाल्यांना फूग येते आणि गटारीतले पाणी उलटे फिरते. रस्ता कोरडा असतानाच न्हाणीघराच्या जाळीतून आणि संडासाच्या भांड्यातून काळे पाणी वर येऊ लागते. म्हणून बांधाच्या आतल्या प्रत्येक चेंबरचा, मोरीचा व भांड्याचा बंदोबस्त बांधाबरोबरच करावा: शक्य तिथे उलट प्रवाह रोखणारा व्हॉल्व्ह बसवून घ्यावा, नाहीतर प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेले वाळूचे पोते तोंडावर दाबून ठेवावे. झिरपा आणि पावसाचे पाणी यांसाठी आत सर्वांत सखल जागी खड्डा करून मडपंप, म्हणजे गढूळ पाणी उपसणारा पंप, लावावा. पुरात वीज बंद केली जाते, म्हणून पंप डिझेलचा किंवा पेट्रोलचा हवा, आणि त्याच्या धुरात विषारी वायू असतो म्हणून तो उघड्यावरच चालवावा.

बांध घालण्यापूर्वी अडवलेले पाणी कुठे वळेल, हेही पाहिले पाहिजे. रस्ता, नाला किंवा शेजाऱ्याचे दार अडणार असेल, तर ग्रामपंचायत किंवा नगरपालिकेशी आधी बोलून घ्यावे. पाणी दारात आल्यावर होणारे वाद पुरापेक्षा जास्त दिवस टिकतात. पाणी चढू लागले की बॅगेवर दर १० सेंटिमीटरला रंगाने मारलेली खूण पाहत राहावे. पाणी ५० च्या खुणेला टेकले, आतल्या बाजूने गढूळ पाणी उसळू लागले किंवा एखादी बॅग सरकलेली दिसली, तर तिला टेकू द्यायला जाऊ नये. गढूळ पाणी म्हणजे बुडाखालची माती वाहून जात असल्याची खूण आहे. अशा वेळी मुख्य स्विच बंद करून सर्वांनी उंच जागी जावे आणि जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाला १०७७ वर कळवावे. बांध रात्री फुटण्याची शक्यता दिसत असल्यास दिवसाउजेडीच बाहेर पडावे.

पाणी ओसरल्यावर भरलेल्या बॅगा पट्ट्यांनी पुन्हा उचलू नयेत. भिजलेली वाळू आधीपेक्षा जड झालेली असते आणि उन्हापावसाने पट्टे कमजोर झालेले असतात, म्हणून बॅग जागीच कापून माल जेसीबीने ट्रॉलीत भरावा. या मालात सांडपाणी मुरलेले असते. तो गिलाव्याला किंवा मुलांच्या खेळायच्या जागेत वापरू नये आणि नदीत किंवा गटारीत लोटू नये. तो भरावासाठी कुठे टाकायचा हे पालिकेला विचारावे, आणि फाटलेल्या बॅगांचे धागे वाऱ्यावर शेतात पसरण्याआधी गोळा करून स्वतंत्रपणे कचरा गाडीत द्यावेत.