मॉरिस मायनर की ऑस्टिन माएस्ट्रो? जुनी गाडी निवडताना या चुका टाळा

दोन्ही गाड्या ऑक्सफर्डजवळच्या काउलीच्या कारखान्यातल्या. मायनर आली १९४८ साली, माएस्ट्रो १९८३ साली. मायनरला १९५२ पासून ए-सिरीज इंजिन मिळालं. तेच सुधारून पुढे माएस्ट्रोच्या १.३ लिटर मॉडेलमध्ये बसवलं. पहिली फसगत इथेच होते. ‘इंजिन एकाच घराण्यातलं, म्हणजे एक गाडी सांभाळता आली की दुसरीही येईल,’ असं लोक धरून चालतात. पण मायनरचं इंजिन मागची चाकं फिरवतं. माएस्ट्रोत ते आडवं बसतं, पुढची चाकं ओढतं आणि गिअरबॉक्स फोक्सवॅगनचा असतो. शिवाय माएस्ट्रोच्या १.३ इंजिनाला टायमिंग चेन आहे, म्हणजे झडपांची वेळ सांभाळणारी साखळी, तर १९८४ पासूनच्या १.६ लिटर एस-सिरीज इंजिनाला त्याच कामासाठी रबरी बेल्ट. बेल्ट बदलल्याची पावती नसेल, तर तो बदललेलाच नाही असं समजा.

मायनर बघायला गेलेला माणूस बॉनेट उघडतो, इंजिनाचा आवाज ऐकतो आणि खूश होतो. त्याने खरं तर पुढच्या चाकामागे वाकून बघायला हवं. तिथे खालच्या बाजूला ट्रनियन असतो, आट्यांवर फिरणारा सांधा. ग्रीस मिळालं नाही की आटे झिजतात आणि एक दिवस सांधा सुटून चाक मडगार्डखाली आडवं होतं. माझ्या मायनरचं हे घराच्या दारातच झालं. वेग जवळजवळ नव्हता, म्हणून निभावलं. चाक जॅकवर उचला, खाली पहार घालून वर-खाली हलवा. उभा खेळ जाणवला तर आधी ट्रनियन बदला, मगच गाडी रस्त्यावर काढा. नंतर दर हजार मैलांनी ग्रीस भरायचं, तेही चाक उचलूनच.

माएस्ट्रोत हा सांधाच नाही, म्हणून लोक निर्धास्त होतात आणि मागच्या चाकांवरच्या कमानींचा गंज बघायचं विसरतात. नव्या रंगावर जाऊ नका. कमानीच्या आतून बोटं फिरवा.

बॅटरी उतरली की होणारी चूक तर महागात पडते. मूळ वायरिंगच्या मायनरमध्ये पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेलं असतं, माएस्ट्रोत निगेटिव्ह. माएस्ट्रोच्या बॅटरीवरून मायनर चालू करायची, म्हणजे जंप द्यायचा, म्हणून सवयीने काळी वायर मायनरच्या बॉडीला लावलीत, तर थेट शॉर्टसर्किट होतं. दोन्ही वायरी बॅटरीच्या टोकांनाच लावा आणि दोन्ही गाड्यांचे बंपर एकमेकांना टेकू देऊ नका.

माएस्ट्रो थंडीत अडखळली की लोक लगेच कार्ब्युरेटरचे स्क्रू फिरवायला लागतात. पुष्कळ माएस्ट्रोंमध्ये चोक इलेक्ट्रॉनिक आहे. आधी व्हॅक्यूमच्या नळ्यांना चिरा गेल्यात का बघा, कनेक्टर साफ करा, तापमानाचा सेन्सर तपासा. मायनरमध्ये चोक हातानेच ओढायचा असतो, तिथे हा प्रश्नच येत नाही.

ब्रिटनमध्ये ४० वर्षांवरच्या, मूळ स्वरूपातल्या गाड्यांना वार्षिक एमओटी तपासणीची सक्ती नाही. सुरुवातीच्या माएस्ट्रोही आता त्यात बसतात. ‘एमओटी लागत नाही’ हे विकणाऱ्याचं वाक्य गाडी धडधाकट असल्याचा पुरावा मानू नका. पैसे देण्याआधी ती स्वखर्चाने तपासून घ्या.

राहता राहिले सुटे भाग. मायनर १६ लाखांवर बनल्या आणि तिचे पत्रे, रबरं, ब्रेकचे भाग आजही नवे मिळतात. माएस्ट्रो सहा लाखांवर बनूनही आता थोड्याच उरल्यात. तिचा बंपर किंवा मागच्या दिव्याची काच फुटलेली असेल, तर तो भाग आधी शोधून ठेवा आणि मगच सौद्याला बसा.