लिनक्ससाठी जुना लॅपटॉप घेताय? दुकानातच या चुका टाळा

विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो. त्यामुळे या निमित्ताने विंडोजऐवजी चालणाऱ्या लिनक्स या मोफत ऑपरेटिंग सिस्टिमकडे वळावं, त्यासाठी एखादा धडधाकट जुना लॅपटॉप घ्यावा, असा विचार बरेच जण करतायत. विचार चांगलाच आहे. नाशिकमध्ये एम. जी. रोड किंवा कॅनडा कॉर्नरला चक्कर मारली की कंपन्यांनी वापरून सोडलेले लेनोवोचे थिंकपॅड, डेलचे लॅटिट्यूड, एचपीचे एलिटबुक बघायला मिळतात. ही यंत्रं दणकट असतात आणि लिनक्सशी त्यांचं बऱ्यापैकी जमतं. फसगत होते ती तपासणीत. दुकानात सगळं विंडोजवर बघितलं जातं, घरी आल्यावर चालवायचं असतं लिनक्स.

रिकाम्या हाताने दुकानात जाणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. ८ जीबीचा पेनड्राइव्ह घ्या, त्यावर रूफस किंवा बलेना एचर या मोफत सॉफ्टवेअरने लिनक्स मिंट २२ ची (लिनक्सचा नवख्यांना सोपा जाणारा प्रकार) आयएसओ फाइल, म्हणजे त्याची संपूर्ण प्रत, चढवा आणि तो खिशात टाकून निघा. लॅपटॉप सुरू करताना लेनोवो आणि डेलला एफ१२ दाबायचं, एचपीला आधी एस्केप आणि मग एफ९. मिंट थेट पेनड्राइव्हवरून चालतं, आतल्या डिस्कला हात लागत नाही. दुकानदाराला हे आधीच सांगा: ‘दादा, वीस मिनिटं द्या, पेनड्राइव्हवरून चालवून बघतो, आतलं काही पुसलं जाणार नाही.’ एवढ्यालाही नकार आला तर पुढचं दुकान गाठावं.

सुरू झालं की आधी वायफाय. स्वतःच्या मोबाइलचा हॉटस्पॉट जोडा. इंटेलचं कार्ड असेल तर सहसा काहीच करावं लागत नाही. ब्रॉडकॉमचं असेल तर नेटवर्कची यादीच रिकामी दिसते, कारण त्याचा ड्रायव्हर (ते कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) वेगळा बसवावा लागतो. मोबाइल केबलने जोडून यूएसबी टेदरिंग (केबलवरून मोबाइलचं इंटरनेट) सुरू करा आणि मिंटच्या ड्रायव्हर मॅनेजरमधून तो घ्या. रिअलटेकची काही कार्डं जुन्या कर्नलवर, म्हणजे लिनक्सच्या जुन्या गाभ्यावर, ओळखलीच जात नाहीत, म्हणून पेनड्राइव्हवर दोन-तीन वर्षांपूर्वीची आवृत्ती ठेवू नका.

मग एखादा व्हिडिओ लावून स्पीकर आणि हेडफोन दोन्ही ऐका, कॅमेरा उघडा, ब्राइटनेसची बटणं दाबून बघा. त्यानंतर झाकण मिटा, पाच मिनिटं थांबा आणि उघडा. ही पाच मिनिटं कुणी देत नाही. स्लीपमधून उठल्यावर पडदा काळाच राहणं, टचपॅड गप्प होणं, वायफाय गायब होणं हे दोष दुसऱ्या कुठल्याही तपासणीत सापडत नाहीत.

नवं मॉडेल म्हणजे लिनक्सला जास्त चांगलं, असंही समजू नका. इंटेलच्या बाराव्या पिढीच्या काही महागड्या पातळ लॅपटॉपांत कॅमेरा वेगळ्या पद्धतीने जोडलेला असतो आणि लिनक्समध्ये तो सहजासहजी सुरू होत नाही. बोटाच्या ठशाचा सेन्सरही अनेक मॉडेलांत चालत नाही, त्याच्या भरवशावर जादा पैसे मोजू नका.

पेनड्राइव्हवरून सुरू करताना पडदा काळा झाला आणि लॅपटॉपला एनव्हिडियाचं ग्राफिक्स असलं, तर लगेच तो नापास करू नका. मिंटच्या सुरुवातीच्या यादीत कम्पॅटिबिलिटी मोड आहे, तो निवडा. बसवून झाल्यावर ड्रायव्हर मॅनेजरमधून एनव्हिडियाचा ड्रायव्हर घेतला की बहुतेक वेळा गाडी रुळावर येते.

डिस्क दिसत नाही म्हणून ती मेली, असं समजणं

इन्स्टॉलर उघडला आणि एसएसडीच दिसेना, ही तक्रार डेलच्या बाबतीत फार ऐकू येते. डिस्क ठणठणीत असते. बायोसमध्ये (लॅपटॉप सुरू होतानाच उघडता येणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये) स्टोरेज ‘रेड ऑन’ या पद्धतीवर ठेवलेलं असतं. इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या बऱ्याच लॅपटॉपांत हाच त्रास ‘व्हीएमडी’ नावाने होतो. ते बदलून एएचसीआय ही साधी पद्धत निवडली की डिस्क दिसते. मात्र हा बदल केल्यावर आतलं विंडोज सुरू होणार नाही, म्हणून तो विकत घेतल्यावर आणि विंडोज पुसायचंच असेल तेव्हाच करा.

दुकानात बघायचं ते एवढंच, की बायोसमध्ये जाऊन हा बदल आपल्याला करता येतो का.

बायोसचं कुलूप न तपासणं

कंपनीतून आलेल्या यंत्राच्या बायोसला सुपरवायझर पासवर्ड असू शकतो. विंडोज व्यवस्थित चालतं, त्यामुळे दुकानात कुणाच्या लक्षात येत नाही. घरी येऊन सिक्युअर बूट (अनोळखी सिस्टिम सुरू होऊ न देणारी सोय) बंद करायला किंवा बूटचा क्रम बदलायला गेलात की पासवर्ड मागितला जातो. थिंकपॅडमध्ये आतला बटणसेल काढून हा पासवर्ड जात नाही, तो बोर्डवरच्या वेगळ्या चिपमध्ये साठवलेला असतो. लेनोवोला एफ१, डेलला एफ२, एचपीला एफ१० दाबून बायोस उघडा, एखादी किरकोळ सेटिंग बदला आणि जतन करून बाहेर पडा. सेटिंग नुसती दिसली म्हणजे झालं नाही, ती बदलता आली पाहिजे. सिक्युरिटीच्या पानावर ॲब्सोल्यूट किंवा कॉम्प्युट्रेस (लॅपटॉपचा दुरून माग ठेवणारी सोय) ‘ॲक्टिव्हेटेड’ दिसलं, तर ते यंत्र अजून जुन्या मालकाच्या नजरेखाली आहे. ते घेऊ नका.

इथेच घड्याळही बघा. तारीख काही वर्षं मागे गेली असेल तर बटणसेल संपलाय. बहुतेक मॉडेलांत तो सीआर२०३२ असतो, फार खर्च नाही. पण तारीख चुकली की ब्राउझर सुरक्षित साइटही उघडायला नकार देतो आणि दोष इंटरनेटच्या माथी जातो.

आय७ बघून भुलणं

प्रोसेसरची पिढी बघा. आय७-७५००यू मध्ये दोनच कोर आहेत, आय५-८२५०यू मध्ये चार. डॅशनंतरचा पहिला आकडा पिढी सांगतो, दहाव्या पिढीपासून पहिले दोन आकडे. लिनक्सला टीपीएमची अट नसली तरी आठव्या पिढीच्या खाली उतरू नका. थिंकपॅड टी४८०, लॅटिट्यूड ७४९०, एलिटबुक ८४० जी५ ही त्याच पिढीतली मॉडेलं, आणि तिघांतही रॅमचे दोन स्लॉट आहेत. थिंकपॅड एक्स१ कार्बन दिसायला देखणा असतो, पण त्याची रॅम बोर्डलाच सोल्डर केलेली असते. ८ जीबीचा घेतला तर तो कायमचा ८ जीबीचाच.

टी४८० घेताना टाइप-सीच्या दोन्ही पोर्टांवर आळीपाळीने चार्जर लावून बघा. थंडरबोल्ट या वेगवान जोडणीच्या जुन्या फर्मवेअरमधल्या (चिपमधल्या सॉफ्टवेअरमधल्या) दोषाने यातलं एक पोर्ट बंद पडल्याची उदाहरणं पुष्कळ आहेत. दोन्ही चालू असतील तर विंडोज पुसण्याआधी लेनोवोचं फर्मवेअर अपडेट करून घ्या.

बॅटरी आणि चार्जर यांच्याकडे दुर्लक्ष

दुकानातल्या विंडोजचा इथे उपयोग करून घ्या. कमांड प्रॉम्प्टमध्ये पॉवरसीएफजी, मग स्पेस, तिरकी रेघ आणि त्याला जोडून बॅटरीरिपोर्ट असं इंग्रजीत टाइप करा. तयार झालेल्या अहवालात डिझाइन कपॅसिटी आणि फुल चार्ज कपॅसिटी दिसते. टी४८० ला दोन बॅटऱ्या असतात. आतलीची मूळ क्षमता साधारण २४,००० मिलीवॉट-तास असते. फुल चार्ज १३,००० दिसली तर निम्म्याहून थोडीच जास्त उरली आहे. ६० टक्क्यांच्या खाली असेल तर नव्या बॅटरीचे पैसे किमतीतून कमी करून मागा. दोन्ही आकडे हुबेहूब सारखे असतील तर आनंदून जाऊ नका, ते खरे नसतीलही. चार्जर काढून वीस मिनिटं व्हिडिओ चालवा. टक्केवारी पायरी उतरल्यासारखी हळूहळू खाली यायला हवी, ८० वरून एकदम ५५ वर आली तर बॅटरी खराब आहे.

डेलच्या चार्जरच्या पिनमधून लॅपटॉपला चार्जरची ओळख जाते. नकली चार्जर असेल किंवा आतली मधली बारीक पिन वाकली असेल तर बॅटरी चार्ज होत नाही, शिवाय प्रोसेसरचा वेग मुद्दाम कमी केला जातो. मग ‘लिनक्स टाकल्यापासून मशीन रडतंय’ असं वाटत राहतं. बायोसमध्ये अडॅप्टरचे वॉट दिसतात की ‘अननोन’, ते बघा.

एप्रिल-मेमध्ये नाशिकचा पारा चाळिशीला टेकतो आणि सुकलेली थर्मल पेस्ट (प्रोसेसरची उष्णता बाहेर नेणारा लेप) तेव्हा हमखास छळते. वीस मिनिटांच्या त्याच व्हिडिओत पंखा भणभणायला लागला आणि चित्र अडखळलं, तर साफसफाई आणि पेस्टचं काम दुकानदाराकडूनच करून घ्या.

घरातली बाकीची यंत्रं विसरणं

कॅनन एलबीपी२९०० हा प्रिंटर अजून कितीतरी घरांत आणि दुकानांत आहे. त्याची कॅप्ट ही कॅननची स्वतःची छपाईची पद्धत वेगळी असल्याने लिनक्समध्ये तो चालवणं जिकिरीचं होतं. एचपी लेझरजेट १०२० चालतो, पण एचपीचं प्लगइन (जोड-सॉफ्टवेअर) उतरवून घ्यावं लागतं. हिशोबाचं टॅली आणि मराठी टायपिंगचं श्रीलिपी ही विंडोजची सॉफ्टवेअर आहेत. रोजचं काम त्यांच्यावर असेल तर विंडोज शेजारी ठेवावं लागेल. तसं ठेवलंत तर विंडोजमधलं फास्ट स्टार्टअप (विंडोज पूर्ण बंद होऊ न देणारी सोय) बंद करा आणि डिस्कला कुलूप लावणाऱ्या बिटलॉकरची रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा. विंडोजचं घड्याळ साडेपाच तास मागे दिसलं तर बिघाड नाही, लिनक्स यंत्रातली वेळ ग्रीनविचप्रमाणे धरतं म्हणून तसं होतं. मराठी टायपिंगची काळजी नको, इनस्क्रिप्ट कीबोर्ड मिंटमध्ये मिळतो.

नुसत्या शब्दावर विश्वास ठेवणं

बिलावर सीरियल नंबर लिहून घ्या आणि तो खालच्या स्टिकरशी व बायोसमधल्या नंबराशी जुळवा. ‘टेस्टिंग वॉरंटी’ किती दिवसांची आहे तेही बिलावरच हवं. ते दिवस असेपर्यंत रात्रभर मेमटेस्ट८६+ हे रॅम तपासणारं सॉफ्टवेअर चालवा. एखादी जरी चूक दाखवली तर रॅमची पट्टी दुसऱ्या स्लॉटमध्ये घालून परत तपासा. चूक पट्टीबरोबर गेली तर पट्टी बदलून मागा. पट्टी कुठलीही घातली तरी त्याच स्लॉटला चूक येत असेल तर दोष बोर्डाचा आहे, मग लॅपटॉपच परत करा.