पोटगी बुडवून गायब झालेल्या बापाला कसं शोधायचं

कोर्टाने मुलाची पोटगी लावून दिली, चार-पाच महिने पैसे आले आणि मग माणूसच गायब. नंबर बंद, रूम सोडलेली, आणि वॉरंट परत येतं 'दिलेल्या पत्त्यावर मिळून आला नाही' असा शेरा मारून. माझ्या बाबतीत हे तीनदा झालं. तिसऱ्यांदा कळलं की मी त्याचं घर शोधत बसले होते आणि भाड्याचं घर तर माणूस अकरा महिन्यांनी बदलतोच, पण नोकरी, रिक्षा-टॅक्सीचा बॅज, गावची जमीन ह्याची नोंद कुठे ना कुठे राहते.

शोधायला लागायच्या आधी तारीख बघा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ खाली (जुनं सीआरपीसीचं १२५, जुलै २०२४ पासून कायदा आणि नंबर बदललाय) थकलेल्या हप्त्याच्या वसुलीचा अर्ज तो हप्ता देय झाल्यापासून एक वर्षाच्या आत करावा लागतो. तो सापडलेला नसला तरी अर्ज टाका, सापडल्यावर टाकू म्हणून मी थांबले आणि पाच महिन्यांचे पैसे ह्या रस्त्याने वसूल करायचे राहून गेले, त्याचं अजून वाईट वाटतं, लेकराच्या फीचे पैसे होते ते.

आता जुनी कागदं काढा. त्याची सॅलरी स्लिप, पासबुकाची झेरॉक्स, पॅन, गाडीचा नंबर, आणि केस चालू असताना त्याने कोर्टात दिलेलं संपत्तीचं ॲफिडेव्हिट. सॅलरी स्लिपवर पीएफचा यूएएन, म्हणजे त्याचा कायमचा पीएफ नंबर असतो, नोकरी बदलली तरी तो नंबर तोच राहतो. तुम्ही स्वतः पीएफ ऑफिसला विचारलंत तर ते सांगणार नाहीत, म्हणून वकिलाकरवी कोर्टात अर्ज द्यायचा की ह्या यूएएनवर सध्या कोणती कंपनी पैसे भरते ते मागवून घ्या. अर्जात नुसतं 'शोध घ्यावा' असं लिहू नका, कोणत्या ऑफिसला, काय विचारायचं, ते नंबरासकट लिहा.

रिक्षा-टॅक्सी चालवत असेल तर बॅज आणि परमिट आरटीओकडे असतं, ठाण्याची गाडी एमएच-०४, नवी मुंबईची एमएच-४३. वाशीच्या मार्केटला माथाडी असेल तर काम सोपं, नोंदणीवाल्या माथाडीची मजुरी माथाडी बोर्डामार्फत मिळते, त्यामुळे बोर्डालाच कोर्टाचं पत्र जाऊ शकतं. घरगुती हिंसाचाराच्या कायद्याखाली ऑर्डर असेल तर कलम २०(६) प्रमाणे कोर्ट मालकाला सांगू शकतं की पगारातून थेट बाईला द्या किंवा कोर्टात भरा.

गावची जमीन विसरू नका. महाभूलेख ह्या सरकारी वेबसाइटवर जिल्हा, तालुका, गाव टाकलं की नावाने सातबारा शोधता येतो, फुकट. माझ्या सासरच्या गावचा उतारा मी रात्री एक वाजता मोबाईलवर बघितला, त्यात त्याचं नाव वारस म्हणून लागलेलं. थकबाकीसाठी कोर्ट जिल्हाधिकाऱ्यांमार्फत अशा जमिनीवर वसुली लावू शकतं. ई-कोर्ट्सवर (कोर्टातल्या केसेस दाखवणारी सरकारी वेबसाइट) पण नाव टाकून बघा, चेक बाऊन्सची वगैरे केस असेल तर पुढची तारीख दिसते, आणि त्या तारखेला तो तिथे येऊ शकतो.

नातेवाइकांकडे जायचं असेल तर शांतपणे. सासूबाई बोलणार नाहीत, पण नणंद किंवा चुलत दीर कधीकधी बोलतात, कारण त्यांनाही मुलाचं वाईट वाटत असतं. पूर्वी मारहाण झालेली असेल तर एकट्या त्याच्या दारात जाऊ नका, पत्ता कळला की तो कोर्टात द्या. आणि कॉल रेकॉर्ड काढून देतो म्हणणाऱ्यांच्या नादी लागू नका, २०१८ मध्ये ठाणे पोलिसांनी असे कॉल रेकॉर्ड विकल्याबद्दल प्रायव्हेट डिटेक्टिव्हना अटक केली होती.

वकिलाला पैसे नसतील तर ठाण्याला कोर्टनाक्यावर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, बाईला उत्पन्न कितीही असलं तरी फुकट वकील मिळतो, फोन १५१००. तो दुसऱ्या जिल्ह्यात निघाला तरी घाबरू नका, तुमचीच ऑर्डर तिथल्या कोर्टात लावता येते. पोटगी न दिल्याबद्दल आत गेला तरी बाकी माफ होत नाही, हे त्याच्या घरच्यांनाही सांगून ठेवा.

वॉरंट निघालं की ते बजावणाऱ्या पोलिसांना त्याचा अलीकडचा फोटो, कंपनीचा पत्ता आणि शिफ्टची वेळ कागदावर लिहून द्या आणि त्याची पोच घ्या. आमच्याकडे पीएफच्या उत्तरातून कंपनी कळली, रबाळे एमआयडीसीतली, आणि चौथ्यांदा वॉरंट गेलं तेव्हा तो सकाळी पहिल्या शिफ्टला आत जाताना गेटवरच मिळाला.